पाच-दहा कॉम्प्युटरच्या धंद्याचा डेटा कसा सांभाळावा: पायरीपायरीने बंदोबस्त

ज्यांच्या धंद्यात आयटी विभाग नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. होलसेलचं दुकान, औषधांची एजन्सी, भोसरी किंवा शिरोलीतलं मशीन शॉप, दोन-तीन डॉक्टरांनी मिळून चालवलेलं क्लिनिक. अशा ठिकाणी दोन ते दहा कॉम्प्युटर असतात, एकावर टॅली असतं, अकाउंटंट एकच असतो आणि काही अडलं की फोन करून बोलवायचा एक हार्डवेअरवाला असतो. पूर्वी कीर्द-खतावणी कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली मालकाकडे. आता कीर्द, उधारीची यादी, पार्ट्यांचे रेट, पगारपत्रक, बँकेचं लॉगिन सगळं मशीनमध्ये गेलं, पण किल्ली कुणाकडे आहे हे बऱ्याच मालकांना सांगता येत नाही. अँटिव्हायरस कोणता घ्यावा हा प्रश्न त्यानंतरचा आहे. खालच्या बहुतेक पायऱ्यांना पैसे फारसे लागत नाहीत, शिस्त लागते. त्या क्रमानेच करा.

पहिली पायरी: एका वहीत यादी

एखाद्या संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर अकाउंटंटला शेजारी बसवा आणि कागदावर लिहून काढा. कोणत्या कॉम्प्युटरवर काय आहे? टॅलीचा डेटा नेमका कोणत्या फोल्डरमध्ये आहे? कोटेशनच्या एक्सेल फाइली कुठे आहेत? मेल वेबवर आहे की आउटलुकमध्ये उतरवलेला आहे? आउटलुकचा डेटा अनेकदा त्या एका मशीनवरच्या एका मोठ्या फाइलमध्ये असतो. बॅकअप घेताना ती फाइल हमखास विसरली जाते आणि दहा वर्षांचा पत्रव्यवहार एका हार्ड डिस्कबरोबर जातो.

मशीन शॉपवाल्यांनी या यादीत सीएनसी मशीनसुद्धा धरावीत. या मशीनच्या फॅनुकसारख्या कंपनीच्या कंट्रोलमध्ये प्रोग्राम आणि पॅरामीटर बॅटरीच्या जोरावर टिकून असतात. बॅटरी उतरली की मशीन बंद पडतं आणि पॅरामीटर पुन्हा भरायला माणूस येईपर्यंत काम बंद. बॅटरी वर्षातून एकदा, कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची असते. प्रोग्राम आणि पॅरामीटरची प्रत आजच कॉम्प्युटरवर काढून घ्या.

मग यादीचा दुसरा भाग. प्रत्येक खातं कुणाच्या नावावर, कुणाच्या मोबाइलवर आणि कुणाच्या ईमेलवर आहे ते लिहा. इथे धक्के बसतात. जीएसटी पोर्टलवर मोबाइल नंबर कर सल्लागाराचा असतो. वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा पत्ता, वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या नावावर असतं. टॅलीच्या लायसन्सचा ईमेल विक्रेत्याचा असतो. धंद्याचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर नोकरी सोडून गेलेल्या सेल्समनच्या आधारवर घेतलेला असतो. या माणसांनी लबाडी केली असं मुळीच नाही. सोय म्हणून झालेलं असतं ते. पण ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, खातं प्रत्यक्षात त्याच्याच हातात असतं. हे सगळे नंबर आणि ईमेल एकेक करून मालकाच्या नावावर आणा. जीएसटी पोर्टलचं लॉगिनच तुमच्याकडे नसेल, तर तुमच्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे कागदपत्रांसह अर्ज देऊन मोबाइल आणि ईमेल बदलून घेता येतो.

याच यादीत डिजिटल सिग्नेचरचा टोकन (सहीचं पेनड्राइव्हसारखं साधन) कुठे आहे तेही लिहा. तो सीएच्या ऑफिसातल्या डब्यात इतर चाळीस टोकनांबरोबर पडलेला असेल तर परत आणा, पिन बदला आणि काम असेल तेव्हा स्वतः घेऊन जा. कोऱ्या कागदावर सही करून कुणाच्या टेबलावर ठेवणार नाही ना? टोकनही तसाच जपायचा.

दुसरी पायरी: बॅकअप

या पायरीवर सगळ्यात जास्त लिहितो आहे, कारण बाकी सगळं फसलं तरी बॅकअप शाबूत असेल तर धंदा उभा राहतो.

डेटा कशाने जातो? डिस्क खराब होते, वीज जाते, कुणी चुकून डिलीट करतं, चोरी होते, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) येतं. आणि पाणी येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. दुकानातला कॉम्प्युटर आणि त्याच दुकानाच्या ड्रॉवरमधली बॅकअपची डिस्क अशा पुरात एकत्रच बुडतात. म्हणून जगभर वापरला जाणारा नियम सोपा आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी.

आपल्या धंद्यात हे असं बसवा. दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नका. तो हरवतो, बिघडतो आणि कुणाच्याही खिशात जातो. एका डिस्कवर सोम-बुध-शुक्र, दुसरीवर मंगळ-गुरु-शनि. आजची डिस्क बॅकअप झाला की काढून मालकाने घरी न्यायची आणि उद्या दुसरी आणायची. डिस्क कॉम्प्युटरला कायम लावून ठेवणं हा सर्वांत घातक प्रकार आहे, कारण रॅन्समवेअर आलं की ते कॉम्प्युटरबरोबर लावलेली डिस्कही कुलूपबंद करून टाकतं.

तिसरी प्रत क्लाउडवर. मालकाच्या नावाच्या गूगल किंवा तत्सम खात्यात रोजची बॅकअप फाइल पासवर्ड लावलेली झिप करून चढवा. छोट्या धंद्याचा टॅली डेटा गूगलच्या मोफत १५ जीबीत बहुतेक वेळा मावतो. मात्र कॉम्प्युटरवरचं फोल्डर ड्राइव्हला आपोआप सिंक होतं म्हणून बॅकअप झाला, असं समजू नका. सिंक म्हणजे आरसा. इथली फाइल पुसली की तिथलीही पुसली जाते आणि इथे बिघडलेली फाइल तिथे जाऊन चांगल्या फाइलची जागा घेते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते. मार्चमध्ये पुसलेली फाइल जूनमध्ये शोधायला गेलात तर मिळणार नाही.

टॅली प्राइममध्ये सगळ्यांना टॅलीतून बाहेर यायला सांगा, ऑल्ट आणि वाय दाबा, बॅकअप निवडा आणि बॅकअप बाहेरच्या डिस्कवर त्या दिवसाच्या तारखेच्या नव्या फोल्डरमध्ये घ्या. रोज त्याच फोल्डरवर घेतलात तर आजचा बिघडलेला डेटा कालच्या चांगल्या डेटावर बसतो आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. शेवटच्या दोन आठवड्यांच्या रोजच्या प्रती ठेवा, प्रत्येक महिनाअखेरची प्रत वर्षभर ठेवा आणि ३१ मार्चची प्रत, तसंच ऑडिट पूर्ण झाल्यानंतरची प्रत, कधीच पुसू नका.

हे कायद्यालाही धरून आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात आणि नियम ५७ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक हिशोबाचा योग्य बॅकअप असणं बंधनकारक आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला पुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारतातल्या सर्व्हरवर रोजचा बॅकअप ठेवावा लागतो. कंपनी असाल तर क्लाउडची निवड सीएला विचारूनच करा.

आता जे बहुतेक कुणी करत नाही ते काम. महिन्यातून एकदा बॅकअप परत उतरवून बघा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर, वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा. चालू डेटाच्या जागेवर चुकूनही करू नका, नाहीतर आजचा डेटा जुन्याखाली गाडला जाईल. मग ट्रायल बॅलन्सची बेरीज आणि शेवटचा व्हाउचर नंबर चालू टॅलीशी ताडून पाहा आणि वहीत तारीख टाकून सही करा. ज्या बॅकअपवरून डेटा कधी उतरवून पाहिलेला नाही, तो आहे असं मी धरतच नाही. टॅली व्हॉल्टचा, म्हणजे टॅलीचा डेटाच कुलूपबंद करण्याच्या सोयीचा, पासवर्ड लावलेला असेल तर तो लिहून बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. तो विसरला तर तुमचाच डेटा तुम्हाला उघडता येत नाही.

विजेबद्दल थोडंसं. टॅली चालू असताना वीज गेली की डेटा बिघडण्याची शक्यता असते, म्हणून यूपीएस हवाच. सहा महिन्यांतून एकदा प्लग काढून तो किती मिनिटं टिकतो ते पाहा. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. डेटा बिघडला तर टॅलीतलं रिपेअर वापरण्याआधी पूर्ण डेटा फोल्डर जसाच्या तसा दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

डिस्क टकटक आवाज करू लागली तर तत्काळ बंद करा आणि पुन्हा चालू करून पाहू नका. पाण्यात भिजली असेल तर उन्हात वाळवू नका, उघडू नका, कॉम्प्युटरला लावू नका. तशीच लवकरात लवकर डेटा रिकव्हरी करणाऱ्या लॅबकडे द्या. फाइल चुकून पुसली गेली तर त्या मशीनवर पुढचं काम थांबवा. जुन्या हार्ड डिस्कवरून पुसलेली फाइल पुष्कळदा मिळते. एसएसडीवरून (फिरती तबकडी नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कवरून) मिळण्याची आशा फार कमी, कारण ती पुसलेली जागा स्वतःहून मोकळी करून टाकते.

तिसरी पायरी: कुणाला काय दिसावं, कुणाला काय करता यावं

बऱ्याच ऑफिसांत विंडोजचा पासवर्ड एकच असतो आणि तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. टॅलीतही सगळे एकाच नावाने शिरतात. मग बिल कुणी बदललं हे शोधायचं कसं? निष्पाप माणसावर संशय येतो, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट. प्रत्येकाचं वेगळं लॉगिन असेल तर प्रामाणिक माणसालाच संरक्षण मिळतं. नोकरांना हे असंच समजावून सांगा, म्हणजे अविश्वास दाखवला असं कुणाला वाटणार नाही.

विंडोजमध्ये प्रत्येकाला साधं युजर खातं द्या. अ‍ॅडमिनचं खातं वेगळं ठेवा आणि रोजच्या कामाला ते मालकानेही वापरू नये. टॅलीत मालक अ‍ॅडमिन, बिलिंगवाल्याला फक्त विक्रीची एंट्री आणि मागच्या तारखेचे व्हाउचर टाकण्याला मर्यादा. एडिट लॉग चालू करा. त्यात प्रत्येक व्हाउचरमध्ये कुणी, केव्हा, काय बदललं याची नोंद राहते. कंपन्यांना अशी नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचं आहे. प्रोप्रायटर आणि भागीदारी फर्मना सक्ती नाही, तरी चालू करा. त्याला वेगळा खर्च नाही.

बँकेच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: पैसे पाठवण्याची नोंद करणारा आणि तिला मंजुरी देणारा हे दोन वेगळे हात असलेच पाहिजेत. व्यवसायांसाठीच्या नेटबँकिंगमध्ये ही सोय असते. अकाउंटंट नोंद करेल, मालक आपल्या फोनवरून मंजूर करेल. मंजूर करताना रक्कम पाहा, पण खातं कुणाचं आहे ते आधी पाहा. आणि बँक स्टेटमेंट मालकाने स्वतः बँकेच्या साइटवरून उतरवावं. अकाउंटंटने मेल केलेल्या पीडीएफवर विसंबू नका, पीडीएफमधले आकडे बदलता येतात. महिन्यातून एकदा पार्टी मास्टर (टॅलीतली सगळ्या पार्ट्यांची यादी) काढून एकाच बँक खात्यावर दोन पार्ट्या दिसतात का ते पाहा, आणि या वर्षात नव्याने आलेल्या प्रत्येक पुरवठादाराचा माल खरंच गोदामात आला का ते विचारा. खोट्या पुरवठादाराच्या नावाने पैसे काढणं हा आतल्या फसवणुकीचा जुना मार्ग आहे. अकाउंटंटला वर्षातून सलग आठवडाभर सुट्टी द्या आणि त्या काळात दुसऱ्याला पुस्तकं पाहू द्या. त्याला विश्रांती मिळेल आणि हिशोब दुसऱ्या डोळ्यांखालून जाईल.

माणूस नोकरी सोडतो त्या दिवशीच त्याचं लॉगिन बंद करायचं, दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपमधली जोडलेली उपकरणं तपासून नको ती काढायची, मेलचा आणि वायफायचा पासवर्ड बदलायचा, बँकेतलं नाव काढायचं. मुलगा, भाचा, जुना माणूस, कुणीही असो, हा क्रम सगळ्यांना सारखा लावा. नेमणूकपत्रात ग्राहकांची आणि रेटची यादी ही धंद्याची मालमत्ता आहे असं एक वाक्य घाला. मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधून डेटा कॉपी करून नेणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं आणि ते लबाडीच्या हेतूने केलं तर कलम ६६ प्रमाणे गुन्हा ठरतो. ग्राहकांचे फोन नंबर किंवा रुग्णांची माहिती तुमच्याकडे असेल तर २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही लक्षात घ्या. माहिती नीट न सांभाळल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून नको ती माहिती गोळाच करू नका. आधारच्या झेरॉक्स आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले पॅनचे फोटो वर्षानुवर्षं काउंटरच्या मशीनवर पडून राहू देऊ नका.

चौथी पायरी: उघडी दारं बंद करा

एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर, म्हणजे दुरून आपला कॉम्प्युटर चालवता येणारं सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअरवाल्याने कधीतरी मदतीसाठी टाकलेलं असतं, कायमचा पासवर्ड लावून. तो काढा. मदत हवी तेव्हा चालू करायचं, काम होईपर्यंत स्क्रीनसमोर बसायचं आणि मग बंद. घरून टॅली पाहता यावं म्हणून कुणी राउटरमधून रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट (बाहेरून मशीनमध्ये शिरायचं दार) इंटरनेटवर उघडला असेल तर तो आजच बंद करायला सांगा. रॅन्समवेअरवाले असे उघडे पोर्ट शोधतच असतात आणि पासवर्ड मशीनच्या वेगाने आजमावतात. राउटरवर मुळात आलेला पासवर्डही बदला.

विंडोजचे अपडेट. वानाक्राय नावाचं रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला जगभर पसरलं, पण ते ज्या फटीतून शिरलं ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आलं. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली आणि त्यात मेर्स्क या मोठ्या जहाज कंपनीची यंत्रणा कोसळून आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही ठप्प झालं. मेर्स्कला आपलं नेटवर्क पुन्हा उभारता आलं ते घानामधल्या ऑफिसातल्या एका सर्व्हरमुळे. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला राहिला आणि वाचला. एवढ्या मोठ्या कंपनीची सुटका तुटलेल्या एका प्रतीने केली. वर डिस्क काढून घरी न्यायला सांगितलं त्याचं कारण हेच.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवर बँक आणि टॅली आहे, निदान ते तरी विंडोज ११ वर न्या. क्रॅक केलेलं टॅली किंवा फोटोशॉप धंद्याच्या मशीनवर ठेवू नका. क्रॅकच्या फाइलबरोबर काय काय आत येतं ते कुणालाच सांगता येत नाही. विंडोजमधला डिफेंडर हा अँटिव्हायरस छोट्या ऑफिसला पुरेसा आहे, फक्त तो चालू असला पाहिजे. त्यातच रॅन्समवेअरपासून ठरावीक फोल्डर राखण्याची सोय आहे, ती चालू करून टॅली अडतं का ते पाहा आणि अडलं तर टॅलीला परवानगी द्या. नेटवर्कवर पूर्ण ड्राइव्ह सगळ्यांना शेअर केलेला असेल तर तो बंद करून लागेल तेवढंच फोल्डर शेअर करा.

पासवर्डबद्दल एवढंच: लांब ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा आणि सुरुवात ईमेलपासून करा. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात, म्हणून ईमेल गेला की सगळं गेलं. ईमेलला आणि व्हॉट्सअ‍ॅपला दुहेरी पडताळणी लावा. कुलूपबंद कपाटातल्या वहीत पासवर्ड लिहिणं अगदी चालेल.

पाचवी पायरी: पैसे पाठवताना

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमधून तिचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर विसंबून १ कोटी रुपयांहून जास्त रक्कम भामट्यांच्या खात्यांत गेली. त्यासाठी कॉम्प्युटर फोडावा लागला नव्हता. साहेबांच्या नावाने आलेला मेसेज पुरला. तुमच्या ऑफिसातही नियम करा: मेसेजवरून आलेल्या आदेशावर, मालकाला फोन लावून त्याचा आवाज ऐकल्याशिवाय, पैसे जाणार नाहीत. आणि फोन केल्याबद्दल मालकाने कधीही चिडायचं नाही. हा दुसरा भाग पाळला नाही तर पहिला टिकत नाही.

दुसरा प्रकार बिलाचा. पुरवठादाराचा मेल भामट्याने फोडलेला असतो. बिल खरं, माल खरा, रक्कम खरी, फक्त ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ अशी एक ओळ वाढलेली. अशी सूचना आली की त्या मेलमधल्या नंबरवर फोन करू नका, तुमच्या वहीतल्या जुन्या नंबरवर करा. आरटीजीएस आणि एनईएफटी करण्यापूर्वी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला सांगितली होती. ती दर नव्या खात्याला वापरा आणि नाव जुळलं नाही तर थांबा.

काउंटरवरच्या माणसाला एवढं पाठ असू द्या. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. ग्राहकाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं नाही, आपला साउंडबॉक्स किंवा बँकेचा मेसेज पाहायचा. क्यूआर कोडवर कुणी दुसरा स्टिकर लावला नाही ना, हे सकाळी शटर उघडताच तपासायचं. वाहतुकीचं चलन, लग्नपत्रिका, वीजबिल या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल) उघडायची नाही; ती फोनवरचे ओटीपी चोरते. बँकेच्या मदतीचा नंबर गूगलवर शोधायचा नाही, पासबुकावरचा घ्यायचा. बँकांच्या साइटचे पत्ते आता डॉट बँक डॉट इन असे संपतात. दुसऱ्या पत्त्यावर बँकेचं लॉगिन मागितलं जात असेल तर तिथे काही भरू नका.

सहावी पायरी: झालंच तर पहिल्या तासात

पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन, लगेच बँकेला फोन आणि मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार. १९३० ला खबर पोचली की पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत अडवण्याचा प्रयत्न होतो, म्हणून मिनिटं मोलाची. घरात चर्चा करत रात्र काढू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं असतं. म्हणजे दोन्ही बाबतींत लवकर कळवण्यातच हित आहे.

रॅन्समवेअर असेल, फाइली उघडत नसतील आणि पैसे मागणारा मजकूर दिसत असेल, तर त्या मशीनची नेटवर्क केबल काढा, वायफाय बंद करा, स्क्रीनचा फोटो घ्या. फॉरमॅट करू नका. आणि घाबरून बॅकअपची चांगली डिस्क त्या मशीनला लावू नका. शेवटची शाबूत प्रत अशा घाईतच जाते. पैसे देऊ नका, दिल्यावर फाइली परत मिळतील याची खात्री कुणी देत नाही. युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या नो मोअर रॅन्सम या साइटवर काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या मोफत मिळतात, तिथे तपासा. पोलिसांत तक्रार द्या. कंपन्यांनी अशा घटनेची खबर सर्ट-इन या सरकारी संस्थेला ६ तासांत देणं एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे बंधनकारक आहे. आतल्या माणसाचा संशय असेल तर त्याला जाब विचारण्याआधी एडिट लॉगची, मेलची आणि सीसीटीव्हीची प्रत काढून ठेवा. सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर काही दिवसांनी जुनं चित्रण स्वतःच पुसतो. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ मशीनला हात लावण्याआधी वकिलाशी बोला. ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्याचा फोन नंतर येऊ शकतो. तीही फसवणूकच असते.

बॅकअपच नसेल आणि डेटा गेला असेल तर

हताश होऊ नका, बरंच काही जमवता येतं. खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या तक्त्यातून मिळते, नोंदणीकृत ग्राहकांची विक्री तुम्हीच भरलेल्या जीएसटीआर-१ या रिटर्नमधून, मालाची ये-जा ई-वे बिलांमधून, पैशांचे व्यवहार बँक स्टेटमेंटमधून. सीएकडे मागच्या ऑडिटच्या वेळी दिलेली टॅलीची प्रत असू शकते, ती आधी मागा आणि तिच्यावर पुढचे महिने चढवा. मोठ्या पार्ट्यांकडून त्यांच्या वहीतला तुमचा खातेउतारा मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या बिलांच्या पीडीएफ अजून चॅटमध्ये असतात.

रोखीचे खर्च आणि किरकोळ गिऱ्हाइकांची उधारी मात्र कुठल्याच पोर्टलवर नसते. त्यामुळे डेटा गेल्याचं कळलं त्याच दिवशी काउंटरवरच्या सगळ्यांना बसवा आणि कुणाकडून किती येणं आहे ते आठवेल तसं लिहून घ्या. कच्च्या पावत्या, डायरीचे कागद, कॅलेंडरवरचे आकडे काहीही फेकू नका. गिऱ्हाइक आलं की त्याच्याशी बोलून आकडा पक्का करा आणि त्या आकड्यापुढे तारीख घाला.